नजरेनं लिहिणं: फुकट सॉफ्टवेअर नेमकं काय करतं आणि काय करत नाही

सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोनच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत एक सेटिंग आलं. ते सुरू केलं की पडद्यावर एक ठिपका जागा बदलत राहतो, आपण नजरेनं त्याच्या मागं जायचं, आणि मग बोट न लावता नुसतं बघून फोनची बटणं दाबता येतात. बऱ्याच जणांनी गंमत म्हणून ते करून पाहिलं, पाच मिनिटांत वैतागून बंद केलं आणि ‘काही कामाचं नाही’ असा शेरा मारून मोकळे झाले. त्यांचं फारसं चुकलंही नाही. ज्याचे हात चालतात त्याला नजरेनं फोन चालवणं हा छळच वाटणार. पण ज्याचे हात, मान आणि जीभ यांतलं काहीच मनासारखं हलत नाही, त्याला ‘कूस बदला’, ‘पंखा बंद करा’ किंवा ‘मला ते ऑपरेशन नको आहे’ हे सांगायला कदाचित तेवढाच एक रस्ता उरलेला असतो.

हे तंत्र आयफोनपासून सुरू झालेलं नाही. फुकट मिळणारी अशी सॉफ्टवेअर्स वीसेक वर्षांपासून आहेत, आणि त्यांतली काही आजही महागड्या यंत्रांच्या तोडीस तोड काम करतात. तरी ती ज्यांना हवीत त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. पोचलीच तर ‘यंत्र मनातलं ओळखतं’ अशा भलत्याच अपेक्षेसह पोचतात, आणि आठवड्याभरात टॅब्लेट कपाटात जातो. म्हणून हे सगळं पायापासून समजून घेऊ.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. स्टीफन हॉकिंग नजरेनं बोलायचे, असं हमखास सांगितलं जातं. ते खरं नाही. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते गालाचा एक स्नायू किंचित हलवून लिहायचे; चष्म्याला लावलेला सेन्सर ती हालचाल टिपायचा. इंटेलच्या अभियंत्यांनी त्यांच्यासाठी नजर टिपणारा कॅमेराही लावून पाहिला होता. पण त्यांच्या पापण्या झुकलेल्या असायच्या आणि कॅमेऱ्याला नजर धरता येईना. जगातले उत्तम तंत्रज्ञ दिमतीला असूनही ज्यांना हे जमलं नाही, असं हे उदाहरण आहे. नजर हा सगळ्यांसाठीचा उपाय नाही, हे त्यातून लक्षात ठेवावं.

बाकी सगळं थांबतं, मग डोळे कसे चालतात?

हातापायांच्या स्नायूंना मेंदूची आज्ञा मज्जारज्जूमार्फत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या नसांच्या जुडीतून मिळते. डोळे हलवणाऱ्या नसा मात्र मेंदूच्या बुडाशी असलेल्या भागातून, ब्रेनस्टेममधून, थेट निघतात. त्यामुळे मानेपाशी मज्जारज्जूला इजा होऊन खालचं शरीर निकामी झालं, तरी डोळ्यांना धक्का लागत नाही.

मोटर न्यूरॉन आजाराची गोष्ट वेगळी आहे. त्यात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशीच एकेक करून मरतात. ए.एल.एस. हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. पण याच जातीच्या पेशींपैकी ज्या डोळे हलवतात, त्या बाकीच्यांच्या मानानं कितीतरी जास्त काळ टिकतात. हात गेले, चालणं गेलं, बोलणं गेलं, तरी नजर हवी तिकडं वळते, असा मोठा कालखंड या रुग्णांच्या वाट्याला येतो. व्हेंटिलेटरवर खूप वर्षं काढलेल्या काही जणांत पुढं डोळ्यांची हालचालही मंदावते.

ब्रेनस्टेममधल्या पॉन्स नावाच्या भागाला रक्त मिळालं नाही, तर ‘लॉक्ड-इन’ अवस्था येते. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, सगळं ऐकतो, सगळं समजतो, आणि हलवता काही येत नाही. यात एक बारकावा आहे, आणि घरच्यांना तो कुणीतरी सांगायला हवा: अशा रुग्णांचे डोळे बहुधा डावी-उजवीकडं वळत नाहीत, वर-खाली होतात आणि पापणी मिटते-उघडते. त्याच्यासमोर आडव्या ओळींचा नेहमीचा कीबोर्ड मांडला आणि ‘त्याला काही कळत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो त्या माणसावर मोठा अन्याय आहे. १९९५ मध्ये झटका येऊन या अवस्थेत गेलेले फ्रेंच संपादक ज्याँ-दोमिनिक बोबी यांची फक्त डावी पापणी चालत होती. समोरची व्यक्ती अक्षरं वाचत जाई, हवं ते अक्षर आलं की ते पापणी मिटत. अशा रीतीनं त्यांनी एक अख्खं पुस्तक सांगितलं. त्यासाठी अक्षरांचा क्रमही बदलून घेतला होता: फ्रेंचमध्ये जास्त लागणारी आधी, कमी लागणारी नंतर. आजची सॉफ्टवेअर्स जे करतात त्याचं बीज तिथंच आहे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत चित्र मुलागणिक बदलतं. काहींची नजर पक्की असते, काहींच्या डोळ्यांवरही ताबा कमी असतो, मान सारखी हलते, किंवा डोळे चांगले असूनही मेंदूला दिसलेल्याचा अर्थ लावायला अडचण येते. रेट सिंड्रोम या दुर्मिळ जनुकीय आजारात मुलींचं हातांवरचं नियंत्रण जातं, नजर मात्र बहुतेकींची बोलकी राहते. तेव्हा आजाराच्या नावावरून ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असं ठरवू नये. समोर बसवून करून पाहणं हाच मार्ग.

कॅमेऱ्याला नजर कळते कशी?

दिव्याखाली एक काचेची गोटी धरा, जिच्यात रंगाचा एक ठिपका आहे. गोटीवर दिव्याची चमक दिसते. आता गोटी जागच्या जागी फिरवा. रंगाचा ठिपका सरकतो, पण दिव्याची चमक जवळपास तिथंच राहते, कारण दिवा हललेला नाही. चमक आणि ठिपका यांच्यातलं अंतर मोजलं, की गोटी किती आणि कुठं फिरली ते सांगता येतं.

नजर टिपणारं यंत्र, म्हणजे आय ट्रॅकर, नेमकं हेच करतं. तो पडद्याखाली लावायची एक बारीक पट्टी असतो. त्यातून आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यावर पडतो, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर त्याची चमक उमटते, आणि कॅमेरा त्या चमकेच्या मानानं बाहुलीचा मध्य कुठं आहे हे सेकंदाला तीस, साठ किंवा त्याहून जास्त वेळा मोजतो. इन्फ्रारेड घेण्याचं कारण सोपं आहे: त्यात बाहुली भोवतालच्या भागापासून वेगळी उठून दिसते, काळ्याभोर डोळ्यांतसुद्धा, आणि बघणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत.

पण प्रत्येकाच्या डोळ्याची गोलाई आणि घडण वेगळी. म्हणून सुरुवातीला पाच किंवा नऊ ठिपक्यांकडं बघायला लावून यंत्र त्या माणसाचा हिशेब जुळवून घेतं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते बिघडलं की पुढचं सगळं बिघडतं, आणि बहुतेक घरांत गाडी अडते ती इथंच. पडदा चेहऱ्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर हवा आणि चेहऱ्याला समांतर हवा. माणूस आडवा झोपलेला असेल, तर पडदाही त्याच्या तोंडावर तसाच तिरपा टांगायला हवा. टेबलावर लॅपटॉप उघडून ‘इकडं बघ’ म्हणणं उपयोगाचं नाही. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते त्यातला निम्मा वेळ पडदा धरणाऱ्या दांडीवर आणि उशीच्या उंचीवर घालवला तर जास्त लाभ होईल.

सगळं जमलं तरी अचूकतेला मर्यादा आहेच. चांगल्या ट्रॅकरची चूक साधारण अर्ध्या ते एक अंशाची असते. ६० सेंटिमीटरवर एक अंश म्हणजे पडद्यावर सुमारे एक सेंटिमीटर. त्यात आपला डोळा एका जागी रोखलेला वाटला, तरी तो थरथरत आणि बारीक उड्या मारत असतो. म्हणून सॉफ्टवेअर शेवटच्या काही मोजमापांची सरासरी काढून पडद्यावरचा दर्शक, म्हणजे कर्सर, स्थिर ठेवतं. सरासरी जास्त घेतली तर दर्शक मागं रेंगाळतो, कमी घेतली तर नाचतो. नजरेच्या कीबोर्डची बटणं भलीमोठी का असतात, याचं उत्तर या हिशेबात आहे.

मुख्य अडचण: बघणं आणि दाबणं यांत फरक कसा करायचा?

माऊस हलवणं आणि माऊसचं बटण दाबणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. डोळ्याला बटण नाही. डोळा आहे बघण्यासाठी. तो शोधतो, भरकटतो, दारात कुणी आलं की तिकडं जातो. जिथं नजर जाईल ते दाबलं गेलं, तर पडद्यावर धुमाकूळ माजेल. हात लावेल त्याचं सोनं करणाऱ्या मायडास राजाला जेवताही येईना. या प्रश्नालाही त्याचंच नाव पडलं आहे, आणि १९९० च्या सुमारास रॉबर्ट जेकब या संगणकशास्त्रज्ञानं तो नीट मांडला तेव्हापासून या विषयातलं निम्मं डोकं याच्यावरच खर्च होतंय.

सर्वांत रुळलेला उपाय म्हणजे ड्वेल टाइम: एखाद्या बटणावर नजर ठरावीक वेळ टिकली तरच ते दाबलं गेलं असं धरायचं. बटणावर एक वर्तुळ भरत जातं, पूर्ण भरलं की अक्षर उमटतं. मध्येच नजर काढली की रद्द. हा वेळ किती असावा? साधं बघताना आपली नजर एका जागी सेकंदाच्या पाव ते एक-तृतीयांश भागापुरती टेकते. ड्वेल त्याच्या जवळ आणला तर नको ती अक्षरं पडतात. एक सेकंद ठेवला तर नवशिक्याला बरं वाटतं, पण सरावलेला माणूस कंटाळून जातो. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये तो प्रत्येक बटणाला वेगळा ठेवता येतो: अक्षरांना कमी, ‘सगळं पुसा’ला जास्त.

दुसरे मार्गही आहेत. ज्याचं एक बोट, पायाचा अंगठा किंवा गाल थोडासा हलतो, त्यानं नजरेनं बटण निवडावं आणि स्विचनं दाबावं. हे ड्वेलपेक्षा वेगवान आणि कमी थकवणारं असतं. डोळ्यांवर सगळा भार टाकण्याआधी शरीरात दुसरी एखादी भरवशाची हालचाल उरली आहे का, हे थेरपिस्टकडून जरूर तपासून घ्यावं. पापणी मिटण्याला ‘क्लिक’ मानण्याचीही सोय असते, पण आपण नकळत मिनिटाला कितीतरी वेळा पापणी मिटतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला मुद्दामची लांब मिटणी वेगळी ओळखावी लागते.

आणि एक बटण असतंच असतं, ज्याचं महत्त्व लोकांच्या उशिरा लक्षात येतं: ‘थांब’. ते निवडलं की कीबोर्ड झोपतो आणि माणसाला काही न दाबता पडद्याकडं नुसतं बघता येतं. लिहिलेलं वाचायलाही हे लागतं.

मग वेग किती मिळतो?

आपण बोलताना मिनिटाला शंभर-दीडशे शब्द सहज बोलतो. नजरेनं लिहिणारा नवशिका पाच-सात शब्दांवर असतो. फिनलंडमधल्या टाम्पेरे विद्यापीठातल्या एका प्रयोगात, ड्वेल टाइम स्वतः बदलण्याची मुभा दिल्यावर, सहभागी लोकांचा वेग पंधरा-पंधरा मिनिटांच्या दहा सत्रांत सुमारे ७ शब्दांवरून २० शब्दांवर गेला. ड्वेल सेकंदाच्या जवळपास नऊ दशांशावरून तीन दशांशाच्या खाली आला. मात्र ते सगळे धडधाकट लोक होते. आजारी, थकलेल्या, नीट बसता न येणाऱ्या माणसाकडून लगेच तेवढी अपेक्षा धरू नये. धडा एवढाच घ्यावा की पहिल्या दिवशीचा वेग हा कायमचा वेग नसतो.

वेग वाढवण्याचं मुख्य साधन म्हणजे पुढचा शब्द सुचवणं. दोन अक्षरं लिहिली की तीन-चार शब्द समोर येतात, त्यांतला हवा तो निवडायचा. डॅशर नावाचं सॉफ्टवेअर याच्याही पुढं गेलं. केंब्रिजमधले भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅके आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड वॉर्ड यांनी ते तयार केलं. त्यात कीबोर्डच नाही. अक्षरं उजवीकडून चौकटींमध्ये येत राहतात. ज्या अक्षराची शक्यता जास्त, त्याची चौकट मोठी. आपण हव्या त्या चौकटीकडं बघत राहायचं, ती मोठी होत जवळ येते, तिच्या पोटात पुढची अक्षरं दिसतात, तिकडं बघायचं. इथं डोळा शोधतो तेच लिहिणं होतं. ड्वेलची गरजच पडत नाही, आणि मायडासचा प्रश्न बाजूलाच पडतो. सरावानंतर मिनिटाला पंचवीस शब्दांपर्यंत मजल जाते, असं त्यांनी २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं. मला या सगळ्या पसाऱ्यातली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते. पहिल्यांदा बघणाऱ्याला मात्र गरगरतं, हेही खरं.

फुकट म्हणजे काय काय फुकट?

नजरेनं लिहिण्यासाठीचं फुकट सॉफ्टवेअर म्हटलं की सर्वांत आधी नाव येतं ते ऑप्टिकीचं. ज्युलियस स्वीटलँड या प्रोग्रामरनं २०१५ मध्ये ते खुलं केलं. ते विंडोजवर चालतं. त्यात पडद्यावरचा कीबोर्ड आहे, माऊस चालवण्याची सोय आहे, लिहिलेलं मोठ्यानं बोलून दाखवण्याची सोय आहे. विंडोजमध्येही २०१७ पासून नजर-नियंत्रण अंगभूत आहे. ए.एल.एस. झालेले अमेरिकी फुटबॉलपटू स्टीव्ह ग्लीसन यांनी मायक्रोसॉफ्टपुढं आव्हान ठेवलं होतं, त्यातून ते काम सुरू झालं. इंटेलनं हॉकिंग यांच्यासाठी बनवलेली एकॅट ही प्रणालीही २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. ती मुख्यतः एका स्विचवर किंवा चेहऱ्याच्या हालचालीवर चालते. आणि गुगलचं ‘लुक टू स्पीक’ हे अँड्रॉइडचं अ‍ॅप तर अगदीच साधं आहे. वाक्यांचे दोन गट डावीकडं आणि उजवीकडं दिसतात. हव्या त्या बाजूला बघायचं, गट निम्मा होतो, पुन्हा बघायचं, शेवटी एक वाक्य उरतं आणि फोन ते बोलतो. त्याला वेगळा ट्रॅकर लागत नाही, फोनचा पुढचा कॅमेरा पुरतो.

आता गोम. ऑप्टिकी आणि विंडोजचं नियंत्रण फुकट असलं, तरी ती इन्फ्रारेड पट्टी फुकट नाही. खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या पट्ट्या वैद्यकीय साधनांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात आणि ऑप्टिकी त्यांतल्या काहींवर चालतं. मात्र अशा पट्टीच्या पाठीशी अपंगांसाठीच्या साधनासारखी सेवा असेल, असं गृहीत धरू नये. पडदा धरणारी दांडी, चालणारा संगणक आणि शिकवणाऱ्याचा वेळ, हेही हिशेबात धरावं.

फुकट असण्याखेरीज यांतल्या बऱ्याच सॉफ्टवेअरचा कोड खुला असणं मला जास्त मोलाचं वाटतं. कंपनी बंद पडली, विकली गेली, किंवा तिनं उत्पादन थांबवलं, की त्यावर अवलंबून असलेल्या माणसाचं बोलणंच थांबतं. हा काल्पनिक धोका नाही: डेन्मार्कची आय ट्राइब ही कंपनी स्वस्त ट्रॅकर बनवत होती, २०१६ च्या अखेरीस ती फेसबुकच्या ऑक्युलस या कंपनीनं घेतली आणि तो ट्रॅकर बाजारातून गेला. खुल्या कोडचं तसं होत नाही. कुणीतरी तो पुढं चालवू शकतं, एखादा शेजारचा प्रोग्रामर हव्या त्या माणसासाठी चार बटणं बदलून देऊ शकतो. ए.एल.एस. झालेले लॉस एंजलिसचे ग्राफिटी कलाकार टेम्प्ट वन यांच्यासाठी २००९ मध्ये काही कलाकार-प्रोग्रामरांनी चष्म्याची दांडी आणि खेळाचा एक साधा कॅमेरा जोडून ‘आयरायटर’ बनवला, आणि त्यांनी नजरेनं पुन्हा चित्रं काढली. त्याची कृतीही त्यांनी सगळ्यांना देऊन टाकली.

हे मराठीत चालेल का?

प्रश्न रास्त आहे, कारण देवनागरी नजरेला जड पडते. ‘की’ लिहायला ‘क’ आणि दीर्घ वेलांटी अशा दोन निवडी. ‘क्ष’ला क, पायमोडीचं चिन्ह आणि ष अशा तीन. बटणं मोठी हवीत, आणि स्वर, मात्रा, व्यंजनं मिळून साठेक चिन्हं. एका पडद्यावर सगळी मावत नाहीत. म्हणून दोन पायऱ्या कराव्या लागतात: आधी ‘क’चा गट, मग त्यातलं अक्षर. निवडी वाढतात, वेग पडतो.

यावर उतारा शब्द सुचवण्यातूनच निघतो. मराठीत एकाच नामाला प्रत्यय लागून दहा रूपं होतात: घर, घरी, घरात, घराला, घरातल्यांना. सुचवणाऱ्या यादीत ही रूपं नसतील तर यादी निरुपयोगी. त्यामुळे तयार शब्दकोशापेक्षा त्या माणसाचंच जुनं लिखाण, त्याच्या चॅट आणि पत्रं यंत्राला शिकवायला दिली, तर सुचवण्या झटकन जुळू लागतात. डॅशरला तर कुठल्याही भाषेचा मजकूर देऊन तयार करता येतं. आवाजाचं म्हणाल, तर गुगलचं अँड्रॉइडवरचं वाचन मराठीत आहे, आणि ईस्पीक एनजी हे खुलं सॉफ्टवेअरही मराठी वाचतं. त्याचा आवाज पत्र्यासारखा आहे, पण शब्द कळतात.

आणि सगळं अक्षर-अक्षर लिहायची गरज नसते. ‘दुखतंय’, ‘थंडी वाजते’, ‘थुंकी काढा’, ‘थांबा, माझं बोलून झालं नाही’ अशी रोजची पंचवीस-तीस वाक्यं मोठ्या बटणांवर आयती ठेवली, तर दिवसाचं बरंचसं काम तिथंच भागतं. ती वाक्यं बोलणाऱ्याच्या तोंडच्या भाषेत असावीत. आयुष्यभर ‘अगं ए’ म्हणणाऱ्या माणसाला ‘कृपया इकडे यावे’ असं बटण देऊ नये.

मग साधा वेबकॅम का नको?

चालतो, पण मर्यादेत. वेबकॅमला इन्फ्रारेडची चमक मिळत नाही. तो चेहऱ्याच्या चित्रावरून अंदाज बांधतो. उजेड बदलला, मान सरकली की अंदाज चुकतो. पडद्याचे चार-सहा मोठे भाग करून त्यांतला एक निवडायला तो पुरतो, पूर्ण कीबोर्डला सहसा पुरत नाही. आयफोनवालेही फोन स्थिर ठेवा असं बजावतात ते यासाठीच. ज्यांची मान चांगली हलते त्यांनी नजरेचा नाद सोडून डोकं हलवून चालणारा माऊस वापरावा. बोस्टन कॉलेजचं कॅमेरा माऊस हे फुकट सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर ते काम करतं.

इन्फ्रारेडनं डोळे बिघडतात का?

बाजारातल्या ट्रॅकरचा प्रकाश दिवे आणि एलईडीसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा-मर्यादेत ठेवलेला असतो. उन्हात उभं राहिल्यावर त्याहून कितीतरी जास्त इन्फ्रारेड डोळ्यांत जातं. आणि त्याच कारणानं खिडकीतून थेट ऊन येत असलं की ट्रॅकर गोंधळतो. खरा त्रास थकव्याचा आणि कोरडेपणाचा. एकटक बघताना पापण्या कमी मिटतात. ज्यांच्या पापण्या आधीच अशक्त आहेत, त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून थेंब वापरावेत आणि थोड्या थोड्या वेळानं विश्रांती घ्यावी. चष्मा बहुधा आड येत नाही. दोन नंबरांच्या काचा आणि काचेवरचं प्रतिबिंब मात्र कधी कधी छळतं.

हे त्यानंच लिहिलं कशावरून?

ही शंका कुचकी वाटते, पण ती विचारलीच पाहिजे. पूर्वी ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ नावाचा एक प्रकार बोकाळला होता: मदतनीस रुग्णाचा हात धरून त्याच्याकडून टाइप करून घ्यायचा. नियंत्रित चाचण्यांत उघड झालं की शब्द मदतनीसाचे होते, त्याच्याही नकळत. नजरेच्या यंत्रात हात धरणारा कुणी नसतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. माणूस एकटा असताना लिहू शकतो, आणि मृत्युपत्र किंवा उपचाराला संमती अशा प्रसंगी याला फार महत्त्व येतं.

नवा धोका दुसरीकडून येतोय. आता चार आद्याक्षरांवरून अख्खं वाक्य बनवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता या कीबोर्डांत शिरते आहे. वेग खरोखर वाढतो. पण थकलेला माणूस ‘जवळपास बरोबर’ वाक्य स्वीकारतो, आणि हळूहळू त्याच्या तोंडी यंत्राची गुळगुळीत भाषा येते. माझं मत असं, की सुचवणं असू द्यावं, पण ते बंद करण्याचं बटण त्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात हवं. आणि महत्त्वाचा निर्णय अक्षर-अक्षर लिहवून घ्यावा, कितीही वेळ लागो.

मेंदूत चिप बसवतात म्हणे आता. मग याची गरज काय?

जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीनं पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत आपली चिप बसवली, त्याआधीपासून इतर गटही असे प्रयोग करत आहेत. ज्यांचे डोळेही चालत नाहीत त्यांच्यासाठी ती खरी आशा आहे. पण तिथं बहुधा कवटी उघडावी लागते, आणि अजून ते मोजक्या लोकांवरच्या चाचण्यांत आहे. नजरेची पट्टी आज लावून उद्या काढता येते.

अजून बोलता येतंय, मग आत्तापासून कशाला?

ए.एल.एस.सारख्या वाढत जाणाऱ्या आजारात हे सर्वांत जास्त ऐकू येतं, आणि हीच टाळाटाळ सर्वांत महागात पडते. हात-तोंड चालत असताना शिकलं तर चुका सांगता येतात: ‘पडदा डावीकडं घ्या’, ‘हे बटण नकोच’. बोलणं गेल्यावर शिकायला बसलं तर हेच सांगायचं कसं? शिवाय आवाज शाबूत असताना तो रेकॉर्ड करून ठेवला, तर पुढं लिहिलेलं त्याच माणसाच्या आवाजाजवळ जाणाऱ्या आवाजात बोलवता येतं. तेव्हा निदान झाल्यावर, अजून गरज नसताना, सुरुवात करावी.

यंत्र आल्यावर घरच्यांनाही शिकावं लागतं. मिनिटाला आठ शब्दांनी बोलणाऱ्याशी गप्पा मारताना प्रश्न एका वेळी एकच विचारायचा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायचं. पडद्यावर डोकावून त्याचं वाक्य आपणच पुरं करायचं नाही, त्यानं स्वतः तशी मुभा दिली असेल तर गोष्ट वेगळी.

शेवटची सोय विजेविना चालणारी. बॅटरी संपेल, अपडेट अडकेल, कॅलिब्रेशन रुसेल. तेव्हा पारदर्शक प्लास्टिकच्या पाटीवर कडेनं अक्षरांचे गट लिहून ती आपल्या आणि रुग्णाच्या मध्ये धरायची: तो गटाकडं बघतो, मग त्या गटातलं अक्षर कुठल्या जागी आहे हे दाखवायला पाटीच्या त्या कोपऱ्याकडं बघतो, आणि आपण पलीकडून त्याची नजर वाचतो. वर बघणं म्हणजे ‘हो’, डोळे मिटणं म्हणजे ‘नाही’, असं काही आधीच ठरवून भिंतीवर ठळक अक्षरांत लावून ठेवायचं, म्हणजे रात्रपाळीला नव्यानं आलेल्या नर्सलाही ते विचारावं लागत नाही.